पेशी म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं?

'तुमचं खरं वय ओळखा' अशा जाहिराती आता मोबाइलवर रोज दिसतात. रक्ताचा किंवा लाळेचा नमुना पाठवायचा, आणि जन्मदाखल्यावर पन्नास असलेलं वय शरीराच्या आत त्रेपन्न आहे की सत्तेचाळीस, ते कळवलं जातं. त्याच पानावर खाली पेशी तरुण ठेवणाऱ्या गोळ्या विकायला असतात. यात काही तथ्य आहे का, असा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे.

पेशी म्हाताऱ्या कशा होतात याचं संशोधन अस्सल आहे. ते साठ वर्षांहून जुनं आहे आणि त्यातल्या काही शोधांना नोबेल मिळालेलं आहे. पण या संशोधनात पुन्हा पुन्हा समोर येणारी एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. शरीराला म्हातारं करणाऱ्या बहुतेक यंत्रणा तरुणपणी त्याच शरीराला जपत असतात, आणि त्यातली एखादी बंद करायला गेलं की दुसरीकडून धोका येतो. एवढं धरून चाललं की पुढची गुंतागुंत समजायला सोपी जाते.

पेशींना वय असतं, हे कसं कळलं?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समजूत नेमकी उलटी होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या. त्या १९४६पर्यंत, म्हणजे कॅरेल वारल्यानंतरही, वाढत राहिल्या. कोंबडी काही एवढी जगत नाही. त्यामुळे पेशी मुळात अमर असतात आणि म्हातारपण येतं ते सबंध शरीराला, असं मानलं जाऊ लागलं. कॅरेल नोबेलविजेते होते, त्यांच्या शब्दाला वजन होतं.

१९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांना वेगळंच दिसलं. मानवी गर्भाच्या पेशी साधारण पन्नास वेळा दुभंगायच्या आणि मग थांबायच्या. कदाचित भांड्यात दोष असेल, पेशींना दिलेल्या द्रवात काही कमी असेल, अशी शंका कोणीही घेतली असती. ती फेडण्यासाठी त्यांनी केलेला प्रयोग मला आजही फार सुंदर वाटतो. पुष्कळ वेळा दुभंगून झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच वेळा दुभंगलेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच भांड्यात ठेवल्या. काही काळाने पाहिलं तर भांड्यात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. द्रव तोच, भांडं तेच, तरी जुन्या पेशी थांबल्या आणि नव्या चालत राहिल्या. याचा अर्थ, किती वेळा दुभंगून झालं याची मोजदाद पेशीच्या आतच होती. मधल्याच टप्प्यावर गोठवून ठेवलेल्या पेशी पुन्हा वितळवल्या, तर त्या थांबल्या होत्या तिथूनच पुढे मोजू लागत.

मग कॅरेल यांच्या भांड्यातल्या पेशी इतकी वर्षं कशा वाढल्या? त्यांना खाद्य म्हणून गर्भाचा अर्क घातला जाई. त्या अर्कातून दर वेळी थोड्या ताज्या पेशीही भांड्यात पडत असाव्यात, हे आज सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे.

मोजदाद कोण ठेवतं?

आपला डीएनए गुणसूत्रांमध्ये बांधलेला असतो. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एकच छोटा क्रम हजारो वेळा लिहिलेला असतो. या टोकाला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, पण नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा तुकडा पुरा करता येत नाही. त्यामुळे दर वेळी टोक थोडं आखूड होतं. फार आखूड झालं की पेशीला तो तुटलेला डीएनए वाटतो आणि ती दुभंगणं कायमचं थांबवते.

हे टोक पुन्हा लांब करणारं एक विकर आहे, टेलोमरेज. १९८४ सालच्या नाताळच्या दिवशी कॅरल ग्रायडर यांना एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत त्याचा पहिला पुरावा दिसला. २००९चं नोबेल त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. टेलोमरेज बीजपेशींमध्ये जोरात चालतं, म्हणून तर बाळ जन्माला येतं ते पूर्ण लांबीची टोकं घेऊन. शरीरातल्या बहुतेक इतर पेशींत मात्र ते बंद असतं.

मग ते चालू का करत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. उत्तर कर्करोगात आहे. मानवी कर्करोगांपैकी ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज पुन्हा चालू झालेलं आढळतं. ज्या पेशीत घातक बदल साठत गेलेत ती पन्नास वेळा दुभंगून थांबली तर तिची गाठ फार मोठी होत नाही. न थांबणारी पेशी मात्र माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणजे पेशीच्या दुभंगण्यावरची मर्यादा हा एक पहारा आहे, आणि म्हातारपण हा त्या पहाऱ्याचा खर्च.

माणसांमध्येही हे दिसतं. काही कुटुंबांत टेलोमिअर जन्मतःच आखूड असतात. तिथे फुप्फुसं घट्ट होत जाणं, अस्थिमज्जेतून रक्त कमी तयार होणं असे आजार लवकर येतात. काही कुटुंबांत ते जन्मतःच लांब असतात, आणि तिथे काही प्रकारच्या गाठी व कर्करोग जास्त आढळतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. टेलोमिअरची लांबी म्हणजे आयुष्याची लांबी नव्हे. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात आणि तरी ते दोन-तीन वर्षंच जगतात. टेलोमिअर मोजून 'तुमचं आयुष्य एवढं' असं सांगणाऱ्या चाचणीवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबलेल्या पेशी जातात कुठे?

बऱ्याच जात नाहीत, आणि खरी अडचण इथून सुरू होते. दुभंगणं कायमचं थांबवलेल्या पण जिवंत राहिलेल्या पेशीला आपण जीर्ण पेशी म्हणू. ती गप्प बसून राहत नाही. अमेरिकी संशोधक ज्युडिथ कॅम्पिसी यांनी दाखवून दिलं की जीर्ण पेशी आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं आणि ऊती विरघळवणारी विकरं सतत सोडत राहतात. तरुणपणी रोगप्रतिकारक यंत्रणा अशा पेशी शोधून काढून टाकते. वय वाढतं तशी ही सफाई मंदावते, पेशी साठत जातात आणि शेजारच्या चांगल्या पेशींनाही बाधा होते. साठीनंतर संसर्ग नसतानाही अंगात जी बारीकशी सूज कायम असते, तिचं हे एक महत्त्वाचं कारण आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २०११ साली अशा पेशी मुद्दाम नष्ट करता येतील असे उंदीर तयार करण्यात आले. अकाली म्हातारे होणाऱ्या त्या उंदरांत जीर्ण पेशी काढल्यावर स्नायू, चरबी आणि डोळ्यांतले बिघाड लांबले. २०१६ साली हाच प्रयोग साध्या उंदरांवर झाला आणि त्यांचं मध्यम आयुष्य साधारण चतुर्थांशाने वाढलं. मग जीर्ण पेशी मारणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला, कंपन्या निघाल्या, मोठ्या आशा लागल्या.

माणसांवरचा पहिला मोठा निकाल निराशेचा होता. युनिटी बायोटेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीचं औषध गुडघ्याच्या संधिवातावर २०२० साली साध्या, औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून ही दिशाच चुकली असं मी म्हणणार नाही, चाचण्या अजून चालू आहेत. पण जीर्ण पेशींची दुसरी बाजूही आहे. जखम भरून यायला त्या लागतात, गर्भाची घडण होताना लागतात, आणि कर्करोगाला अडवण्यासाठी तर पेशी मुळात जीर्ण होते. सरसकट सगळ्या मारल्या तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक औषधाला विचारावाच लागेल.

ईस्टर बेटावरची माती

या क्षेत्रातली माझी सर्वांत आवडती गोष्ट एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाची आहे, आणि ती आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

१९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. तिथले लोक बेटाला रापा नुई म्हणतात. तिथून आणलेल्या मातीत एक जिवाणू सापडला. मॉन्ट्रियलच्या एअर्स्ट कंपनीत सुरेन सेहगल यांच्या गटाने त्या जिवाणूपासून एक रसायन वेगळं केलं आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटलं. सेहगल अखंड पंजाबात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा काम थांबलं, पण सेहगल यांनी त्या जिवाणूचा साठा टाकून दिला नाही. तो त्यांनी घरच्या फ्रीजरमध्ये जपून अमेरिकेत नेला आणि काही वर्षांनी कंपनीला पुन्हा काम सुरू करायला लावलं. १९९९ साली मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये यासाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००३ साली सेहगल गेले. रॅपामायसिनचा म्हातारपणाशी संबंध आहे हे पक्कं होण्याआधीच.

हे औषध पेशीतल्या ज्या प्रथिनावर काम करतं त्याचं नाव टॉर. पेशीला पुरेसं अन्न मिळतंय का, याची खबर टॉरकडे येते. अन्न भरपूर असेल तर ते पेशीला वाढीला लावतं. अन्न कमी असेल तर वाढ थांबते आणि पेशी आपल्या आतले जुने, बिघडलेले भाग मोडून त्यांचा पुन्हा वापर करू लागते. हे मोडणं कसं चालतं ते यीस्टमध्ये उलगडून दाखवणाऱ्या जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल मिळालं.

कोकणातलं शेतकरी घर डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात सगळी माणसं लावणीला जुंपलेली असतात, कौलांकडे बघायला कोणाला फुरसत नसते. घर शाकारायचं, बांध घालायचे, अवजारं नीट करायची, ती उन्हाळ्यात. समजा बाराही महिने पाऊस पडू लागला, तर पीक येत राहील, पण घर कधीच शाकारलं जाणार नाही. टॉर कायम चालू राहिलेल्या पेशीची अशीच गत होते.

२००९ साली अमेरिकेत तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकाच वेळी उंदरांना रॅपामायसिन देण्यात आलं. सुरुवात केली तेव्हा उंदीर सहाशे दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपासचे होते. तरीही त्यांचं कमाल आयुष्य वाढलं, माद्यांमध्ये साधारण १४ टक्के आणि नरांमध्ये ९ टक्के. उतारवयात औषध सुरू करून सस्तन प्राण्याचं आयुष्य वाढल्याचा असा ठोस पुरावा त्याआधी नव्हता.

मग आपणही घ्यावं का?

नाही. हे औषध रोगप्रतिकारशक्ती दाबतं, मुळात मान्यता मिळाली ती त्यासाठीच. तोंडात फोड येणं, जखमा हळू भरणं, रक्तातली चरबी आणि साखर वाढणं हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. वय मागे नेण्याच्या प्रयत्नांसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकी उद्योजक ब्रायन जॉन्सन यांनी जवळपास पाच वर्षं ते घेतलं आणि २०२४ साली थांबवलं. त्वचेचे संसर्ग, बिघडलेली चरबी व साखर आणि वाढलेले हृदयाचे ठोके, ही कारणं त्यांनी स्वतःच जाहीर केली. कमी मात्रेत, अधूनमधून देऊन हे औषध उपयोगी पडेल का, याच्या चाचण्या होत आहेत, आणि त्या व्हायलाच हव्यात. तोवर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय याला हात लावू नये.

कमी खाल्लं तर तेच होईल ना?

अंशतः. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ सालीच दाखवलं होतं की पोषण पूर्ण पण उष्मांक कमी दिले तर उंदीर जास्त जगतात. माकडांवरचा अनुभव मात्र सरळ नाही. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडं जास्त निरोगी राहिली आणि जास्त जगली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेतल्या माकडांची तब्येत काही बाबतींत सुधारली, पण आयुष्य वाढलं नाही. फरकाचं एक कारण असं की विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर भरपूर होती. आधीच खाणं बरं असेल तर कमी खाण्याचा फायदा घटतो.

आपल्यासाठी यात एक इशारा आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती गोळा झाली. साठीपुढच्या लोकांत सुमारे चौथा हिस्सा कमी वजनाचा निघाला. एका वेळच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या आजीला उपवासाचे फायदे सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला डाळ, दूध, अंडं जास्त हवं, कारण त्या वयात स्नायू झपाट्याने झिजतात आणि पडून हाड मोडणं जिवावर बेततं. आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू खाणाऱ्याच्या पेशींना अन्नाचा तुटवडा जाणवतच नाही. उपवास श्रद्धेने करावा, पण टॉर बंद होईल या हिशेबाने करू नये.

रक्तावरून वय मोजता येतं, ते कसं?

डीएनएवर जागोजागी छोट्या रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक चालू ठेवायचं आणि कोणतं बंद, हे ठरवायला त्यांची मदत होते. वयानुसार या खुणा ठरावीक पद्धतीने बदलतात. कॅलिफोर्नियातले स्टीव्ह हॉरवाथ यांनी २०१३ साली अशा ३५३ जागा निवडून त्यावरून वय काढण्याचं सूत्र मांडलं. ते बहुतेक वेळा तीन-चार वर्षांच्या फरकाने बरोबर येतं. हजारो माणसांच्या अभ्यासात हे साधन फार मोलाचं आहे.

एकट्या माणसाला मात्र त्यातून फारसं कळत नाही. वेगवेगळी सूत्रं एकाच रक्ताचं वेगवेगळं वय सांगतात. ही सूत्रं मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या नमुन्यांवर बांधलेली आहेत. भारतीय शरीराचे स्वतःचे आकडे हवेत म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 'भारत' नावाचाच एक अभ्यास सुरू केला आहे. मुख्य म्हणजे खूण बदलली म्हणून रोग टळला असं होत नाही. गोळी घेऊन अहवालातलं वय दोन वर्षांनी उतरलं, तर माणूस त्यामुळे जास्त निरोगी जगेल हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

खुणा पुसून पेशी पुन्हा तरुण करता येते, हेही खरं आहे. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली चार जनुकं चालू करून उंदराच्या त्वचेची पेशी गर्भातल्या पेशीसारखी केली. पण जिवंत उंदरात ही जनुकं सतत चालू ठेवली तर पेशी आपलं काम विसरतात आणि गाठी होतात. २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या सॉल्क संस्थेत ती थोडा वेळच चालू ठेवण्याचा प्रयोग झाला. अकाली म्हातारे होणारे उंदीर त्यामुळे जास्त जगले. मात्रा किती आणि किती वेळ, यावरच आता सगळं काम चाललं आहे.

निसर्गाने म्हातारपण ठेवलंच का?

पुढच्या पिढीला जागा करून द्यायला, असं आपण म्हणतो. जीवशास्त्रज्ञांना हे पटत नाही, कारण रानातले बहुतेक प्राणी म्हातारे होण्याआधीच भूक, रोग किंवा शिकारीने मरतात. पीटर मेडावर आणि १९५७ साली जॉर्ज विल्यम्स यांनी वेगळा विचार मांडला. जे जनुक तरुणपणी पिल्लं जन्माला घालायला मदत करतं, ते पसरत जातं, मग म्हातारपणी त्याचा कितीही त्रास होवो. त्या वयापर्यंत जगणारेच इतके थोडे की नैसर्गिक निवडीला तो त्रास जवळजवळ दिसतच नाही. जखम पटकन भरणारा दाह, भराभर वाढवणारा टॉर, कर्करोग रोखणारी पेशींची मर्यादा, या सगळ्यांचा उलगडा इथे होतो.

मधुमेहाची स्वस्त गोळी आणि रखडलेली चाचणी

मेटफॉर्मिन आपल्या घराघरांत आहे. २०१४ साली ब्रिटनमधल्या नोंदींवरून असं दिसलं की ते घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगतात, आणि जगभर खळबळ उडाली. पण २०२२ साली डेन्मार्कमधल्या नोंदी तपासल्या तेव्हा तसं काही आढळलं नाही. मधुमेह नसलेल्या ज्येष्ठांनी व्यायामाबरोबर ते घेतलं तर स्नायू कमी वाढतात, असंही एका चाचणीत दिसलं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ते घ्यावंच, ते उत्तम औषध आहे. बाकीच्यांनी वाट पाहावी.

वाट कशाची? न्यूयॉर्कचे नीर बार्झिलाय यांनी ६५ ते ७९ वयाच्या, मधुमेह नसलेल्या तीन हजार लोकांवर सुमारे सहा वर्षांची चाचणी आखली आहे. मेटफॉर्मिनने हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश हे सगळेच आजार एकत्रितपणे लांबतात का, हे ती पाहणार आहे. २०१५ सालीच अमेरिकी औषध प्रशासनाशी तिच्याबद्दल बोलणी झाली. पण मेटफॉर्मिनचं पेटंट केव्हाच संपलेलं आहे. गोळी काही रुपयांत मिळते, त्यामुळे तिच्यावर कोट्यवधी डॉलर खर्च करण्यात कुठल्याही कंपनीला फायदा नाही, आणि चाचणी वर्षानुवर्षं निधीच्या प्रतीक्षेत राहिली. याउलट, द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलवर उभी राहिलेली सर्ट्रिस ही कंपनी ग्लॅक्सोने २००८ साली ७२ कोटी डॉलरला विकत घेतली होती, आणि २०१३ साली तिचं कार्यालय बंद केलं.

मेटफॉर्मिन मोठ्या प्रमाणावर भारतात तयार होतं. आपल्या साठीपुढच्या दर चार माणसांपैकी तिघांना एक तरी जुनाट आजार असल्याचं त्याच राष्ट्रीय पाहणीत दिसलं आहे. ही चाचणी सरकारी पैशातून आपल्याकडे करावी, अशी मागणी आपण का करू नये? औषध स्वस्त आहे, त्याचे दुष्परिणाम साठ वर्षांच्या वापरातून माहीत आहेत, आणि निकाल 'उपयोग होत नाही' असा लागला तरी असंख्य लोकांचे पैसे वाचतील.